सुनंदाकाकूंची सुंठ

बारशाला गेलं की सगळ्या बायका पाळण्यावर तुटून पडतात. सुनंदाकाकू तिकडे फिरकायच्याही नाहीत. आधी बाळाच्या आईसमोर खुर्ची ओढून विचारायच्या, "झोप होते का गं?" जर्मनीतल्या वाल्डॉर्फमधल्या आम्हा मराठी मंडळींना हे विचित्रच वाटायचं. "बाळ बघा ना, काकू," असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "त्याला बघायला अख्खं गाव आहे की!"

काकू मूळच्या पुण्याच्या, मानसोपचारतज्ज्ञ. निवृत्तीनंतर मुलाकडे, आमच्याच इमारतीत राहायला आल्या होत्या. नोकरीत असताना त्यांनी तुरुंगातल्या काही बायका तपासल्या होत्या, स्वतःचं तान्हं मूल मारलेल्या. एकदा चहा पिताना हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की माझं बिस्कीट चहात पडलं.

"राक्षसिणीच असतील," मी म्हटलं.

"तसं म्हटलं की प्रश्न मिटतो. मला तो मिटवायचा नाहीये." मग सांगत बसल्या. कुणी गरोदरपण शेवटपर्यंत लपवलेलं, कुणाला नवऱ्याची मारहाण, कुणाला बाळंतपणानंतर भ्रम होऊन नको ते आवाज ऐकू येत होते. बाप मारतात तेव्हा कारणं आणखी निराळी. "एकच एक कारण नसतं गं. पण एकटेपण मात्र बहुतेकींच्यात सापडलं." त्यातली एक काकूंना म्हणाली होती, "बाई, तुम्ही आत्ता एवढं विचारताय. तेव्हा कुणीच का नाही विचारलं?"

पुढे आमची ईरा झाली. आईचा व्हिसा अडकला, त्यामुळे माहेरचं माणूस जवळ नव्हतं. हेबामे, म्हणजे घरी येऊन बाळ-बाळंतिणीला तपासणारी इथली सुईण, यायची. पण माझं जर्मन बेताचं, म्हणून उत्तरं माझा नवरा मंदार द्यायचा. दूध, टाके, झोप? "आलेस गूट!" सगळं छान! बिचाऱ्याला तसंच वाटत होतं. मला मात्र वाटायचं, बाळाला घेऊन बाल्कनीत गेले तर मी त्याला खाली सोडून देईन. या भीतीने मी भर दुपारी खिडक्यांचे रोलाडेन, म्हणजे बाहेरची शटरं, खाली ओढून अंधारात बसायचे.

एका रविवारी काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. त्यांनी आधी ते रोलाडेन पाहिले, मग मला.

"मंदार, जरा सुंठ घेऊन ये रे."

"अहो काकू, इथे रविवारी सगळी दुकानं बंद असतात."

"हायडेलबर्गच्या स्टेशनवरची उघडी असतात, तिथे बघ."

तो गाडी घेऊन गेल्यावर त्यांनी विचारलं, "बाळाला काही करावंसं वाटतं का गं?" आवाजात ना धसका, ना राग. उत्तर काहीही असलं तरी त्यांना ते ऐकायचंच होतं. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं: आवाज ऐकू येतात का, करावंसं वाटतं की होईल याची भीती वाटते, शेवटची सलग झोप कधी झाली. "विचार आला म्हणून तू वाईट आई होत नाहीस. पण हे एकटीनं सांभाळायचं नाही." मग पहिल्यांदाच ईराला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आता झोप." मंदार परतला तेव्हा मी गाढ झोपले होते. दुसऱ्या दिवशी काकू आम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बरं व्हायला बरेच महिने लागले, पण मी बरी झाले.

गेल्या वर्षी काकू पुण्यात वारल्या. मला त्यांची फार आठवण येते.

परवा रविवारी कार्ल्सरूहेला एका बारशाला गेलो होतो. ईरा माझा हात ओढत होती, "ममा, दास बेबी इस्ट डा!" बाळ तिकडे आहे म्हणून. "हो गं, नंतर," असं म्हणून मी बाळाच्या आईसमोर खुर्ची ओढली. "झोप होते का गं?"

तिने तोंड उघडायच्या आत शेजारी उभा असलेला तिचा नवरा हसून म्हणाला, "एकदम मजेत आहे हो ती!"

"वा!" मी म्हटलं. "मला जरा सुंठ आणून देतोस?"