धामणीची फळी

आक्का गेल्याचा निरोप घेऊन पुतण्या बीडला आला, तेव्हा मी मुलाच्या घरी गहू निवडत बसले होते. "आत्या जेवून लवंडली, ती उठलीच न्हाई," एवढंच तो म्हणाला. आक्का म्हणजे सारजा, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तेराव्याला आलेली माणसं तिच्याबद्दल चांगलंच बोलली... खूप जगली, शेवटपर्यंत कामात होती, कुणाला त्रास दिला नाही. सगळं खरं. पण तिनं एका फळीतून धनुष्य कसं काढलं, हे सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून महिना उलटल्यावर लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा निजामाचं राज्य होतं. वडवणीहून सिरसाळ्याकडे जाताना माळाच्या कडेला आमचं गाव. आक्का माझ्याआधीच माहेरी परत आलेली. नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा कुणाशी न भांडता ती डोक्यावर गाठोडं घेऊन चालत आली होती. शेत राखायचं काम तिच्याकडे होतं, आणि त्या कामाच्या जोरावरच ती घरात होती. नणंद म्हणून मला तिची धास्तीच वाटायची. माझ्या वडिलांनी मला घरी लिहा-वाचायला शिकवलंय हे तिला कळलं आणि एका दुपारी ती माझ्यापुढे येऊन बसली. आता टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली. तर तिनं विचारलं, "मनातल्या मनात वाचतीस, तवा आवाज कुणाचा ऐकू येतो गं?" अजूनही कधीकधी वाचता वाचता मी मध्येच थांबते आणि कान देते...

पुढच्या वर्षी, हरभरा घाट्याला आला असताना, आक्का राखणीच्या माळ्यावरून खाली पडली. उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं तो बसवला, पण हात खांद्याच्या वर जाईना. हरणं हाकलायला गोफण फिरवायची तर हात डोक्यावरून फिरायला हवा. हरणांचे कळप दिवसाढवळ्या पिकात उतरू लागले. आक्का ओरडत धावायची, पण थोड्याच दिवसांत हरणं तिच्या ओरडण्याला सरावली. एका सकाळी सासरे (आम्ही त्यांना मामा म्हणायचो) भाकरी खाता खाता म्हणाले की राखणीला आता गडी ठेवावा लागेल, आणि सारजानं आपल्या घरी गेलेलं बरं. आपल्या घरी म्हणजे सवतीच्या घरी. आक्कानं पुढ्यातली भाकरी मात्र पुरी खाल्ली, हे मला आठवतं.

दोन-तीन दिवसांनी ती गोठ्यात वासराला आवरत होती. वासरू हिसके देत होतं, ती दावं ओढत होती. मध्येच ती थांबली. दावं सैल सोडलं, पुन्हा धरलं, कोपर मागं नेलं. म्हणाली, "मंजुळे, हात वर जाईना, पर मागं जातोय बघ." यात एवढं खूश होण्यासारखं काय, ते मला कळेना. संध्याकाळी ती मला रामाच्या देवळात घेऊन गेली. तिथल्या भिंतीवर खांद्याला धनुष्य लावलेला राम रंगवलेला होता. साऱ्या जन्मात तिनं पाहिलेलं धनुष्य तेवढंच. कितीतरी वेळ ती त्या चित्रापुढे उभी राहिली. मधी जाड आणि टोकाला निमुळतं दिसतंय, पण रंग देणाऱ्यानं तरी खरं बघितलं असेल का, अशी तिला शंका. गावात ज्याला विचारावं तो म्हणे, धनुष्य बांबूचं असतं. आमच्याकडे चांगला बांबू कुठला? फळ्या मात्र घरातच पडलेल्या होत्या.

पहिली फळी मोडक्या छकड्याची, बाभळीची. आक्कानं ती वाकसानं, म्हणजे सुताराच्या आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीनं, तासली, मध्ये मूठ ठेवली, टोकांना खाचा पाडल्या, तागाची दोरी चढवली आणि ओढली. ते फाडकन मोडलं आणि एक तुकडा तिच्या गालाला लागला. मी हळद घेऊन धावले, तर ही रक्त पुसायचं सोडून दोन्ही तुकडे उन्हात धरून बघत बसलेली. लाकडाच्या अंगावर लांबच लांब रेघा असतात. त्यातली एक रेघ टोकापर्यंत न पोचता मध्येच फळीच्या कडेतून बाहेर निघाली होती, आणि मोडलं होतं ते नेमकं तिथंच. "रेघ सुटली तितं लाकूड सुटलं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं, उलट काहीतरी सापडल्याचा सूर होता.

मग ती भिवा सुताराकडे गेली. धामण नावाचा साप असतो तसं झाडही असतं. त्याचं लाकूड चिवट, वाकेल पण सहसा मोडणार नाही, म्हणून भिवा ते गाडीकामासाठी ठेवायचा. आक्कानं त्याच्याकडच्या सगळ्या फळ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि जिच्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या होत्या ती निवडली. कशासाठी हवी ते ऐकून भिवा हसला. पण पुढं रोज संध्याकाळी कुठवर आलंय ते बघायला तोही येऊ लागला.

काम पडवीत चालायचं. धनुष्याच्या पाठीला, म्हणजे दोरीच्या उलट्या अंगाला, ती हत्यार लागू द्यायची नाही. तिथली एकही रेघ तुटता कामा नये. तासायचं ते आतून. मग मूठ भिंतीतल्या खुंटीवर टेकवायची, मी दोरी हळूहळू खाली ओढायची, आणि आक्का लांब उभी राहून, एक डोळा मिटून, वाक बघायची. जिथं ताठ राहिलं असेल तिथं फुटक्या बाटलीच्या काचेनं थोडं खरवडायचं, पुन्हा ओढायचं. रोजचा वाक ती भिंतीवर कोळशानं काढून ठेवायची, म्हणजे कालचा आणि आजचा ताडून बघता येई. सारवलेली भिंत काळी झाली, तरी मामांनी ती पुन्हा सारवायला लावली नाही. मला तर त्या कामाचा नादच लागला. चूल आवरली की मी आपण होऊन दोरी धरायला जायची. लाकूड हळूहळू ऐकायला लागतं, ते हाताला दोरीतून कळतं.

बाण बोरूच्या पोकळ काड्यांचे केले. टोकाला लोखंडाऐवजी लाखेचा गोळा, कारण हरीण मारायचं नव्हतं, हुसकायचं होतं. बाण सोडून बघायच्या दिवशी मामाही बांधावर उभे होते. पहिले काही बाण कुठल्या कुठे गेले. मग एक बाण कळपातल्या काळ्या नराच्या बरगडीवर धप्पकन बसला. तो उंच उडाला आणि त्याच्यामागं सगळा कळप माळ ओलांडून दिसेनासा झाला. मामांनी बाण उचलला, लाखेचा गोळा बोटानं दाबून पाहिला आणि तिच्या हातात दिला. गडी ठेवायचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि सवतीच्या घराचंही नाही.

पुढं कधीतरी पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, घोड्यावरून गावात आले. इथली एक बाई बिनपरवाना हत्यार बाळगते, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. आक्काला धनुष्यबाणासकट चावडीत बोलावून त्यांनी बाण फिरवून पाहिला आणि आपल्या दख्खनी उर्दूत विचारलं की याला लोखंड लावलं तर माणूस मरेल की नाही. आक्का पदर सावरून म्हणाली, "खुरप्यालाबी लोखंड हाय, सायब. तेबी जमा करायचं का?" मामांचा चेहरा पडला. अमीन मात्र धनुष्य घेऊन अंगणात आले आणि त्यांनी स्वतः एक बाण सोडून पाहिला. दोरीचा फटका त्यांच्या मनगटावर बसला. मनगट चोळत त्यांनी विचारलं की लाकूड कसलं, आणि ते एवढं सारखं वाकतं कसं. आक्का त्यांना आमच्या पडवीत घेऊन आली आणि भिंतीवरचे कोळशाचे वाक दाखवू लागली. मी दाराआडून बघत होते. घोडा बाहेर खूर आपटत होता, आणि अमीनसाहेब एकेका रेघेला बोट लावून, ही कधीची आणि ती कधीची, असं विचारत होते... धनुष्य आमच्याकडेच राहिलं.

गेल्या आठवड्यात गावी गेले. आक्का दर वर्षी दिवाळीनंतर धनुष्याला करडईचं तेल चोळायची. यंदा ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी ते खुंटीवरून काढलं आणि मुठीपासून टोकाकडे चोळत गेले. लाकडानं तेल लगेच पिऊन टाकलं. खालच्या टोकाजवळ, आतल्या अंगाला, बोटाला खरखरीत लागलं. दोन बोटं रुंदीची जागा, तिथं काच फिरवलेलीच नाही. वाकसाचा घाव तसाच आहे. इतके दिवस मी दोरी ओढली, पण हे कधी पाहिलं नव्हतं. तिथं गाठ नाही, चीर नाही. बाकी सगळं काचेसारखं गुळगुळीत करणाऱ्या बाईकडून ते चुकून राहिलं असेल, असं मला वाटत नाही. मग का सोडलं असेल?

धनुष्य मी बीडला घेऊन आले आहे. दुपारचं काम उरकलं की खिडकीशी घेऊन बसते, ती जागा चाचपते, एक डोळा मिटून तिथल्या रेघा बघते. अजून कळलेलं नाही. उद्या ऊन चांगलं पडलं, तर पुन्हा बघीन.