पाच हजार ठोकळ्यांची हद्द

माझं घर माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने पाडलं, आणि त्या ठरावाला पहिला हात मी वर केला होता. हे मी भेटेल त्याला सांगते. लाज वाटायचीच तर त्याला वाटू दे.

ते काही खरं घर नव्हतं, असं माझा नवरा म्हणतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. आम्ही सहा सख्खी-चुलत भावंडं कॉम्प्युटरवर ठोकळ्यांचा एक खेळ एकत्र खेळतो. झाडं तोडायची, दगड फोडायचे, हवं ते बांधायचं. खेळ ज्यावर चालतो तो सर्व्हर म्हणजे भावाच्या कांदिवलीच्या घरातला जुना कॉम्प्युटर. बाकीच्यांनी मॅपच्या बरोबर मध्यावर भिंतीला भिंत लावून बंगले बांधले. मुलुंडला मी आयुष्यभर वरच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकत आलेय. मी सरळ पूर्वेला चालत सुटले. मध्यापासून चार हजार ठोकळ्यांवर, खाडीकाठच्या टेकडीवर, सात महिने खपून घर बांधलं. काळ्या दगडाचा जिना, समोर पाणी, शेजारी कोणी नाही.

मग सर्व्हर अडखळायला लागला. मॅप फार पसरलाय, डिस्क भरलीय, असं भाऊ म्हणाला. तो त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे ठरावाशिवाय त्याला पाणीही जात नाही. व्हिडिओ कॉलवर रीतसर सभा घेतली. "हद्द पाच हजार. बाहेरचं सगळं काढून टाकायचं. कोणाकोणाला मंजूर?" माझं घर चार हजारांवर, म्हणजे आत. मी झोकात हात वर केला.

रविवारी दुपारी घरी निघाले, तर अडीच हजारांवरच हद्दीची निळी भिंत. फोन लावला.

"ताई, तो आकडा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा असतो म्हणे. मला वाटलं मधून मोजतात."

"मग भिंत सरकव."

"सरकवतो गं. पण बाहेरचं मी कालच डिलीट केलं."

"बॅकअप?"

"डिस्क भरलेली ना. आधी तोच उडवला."

"पाण्याची टाकी धुवायला सात दिवस आधी नोटीस लावतोस. माझ्या घराला एक लावली असतीस तर हात झडला असता का रे?"

"चिडू नको यार. आमच्या बाजूला बांध ना. दगड फुकट देतो, दोन मिनिटांत."

बाजूला! मी फोन ठेवला.

त्याने भिंत सरकवली, मी चालत गेले. हा खेळ पुसलेली जमीन पुन्हा मुळात होती तशी तयार करतो. तीच खाडी, तीच टेकडी. जिन्याच्या जागी, पहिल्या आठवड्यात मी माझ्या हातांनी तोडलेली झाडं एकही पान न गळता उभी होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मग मी माझा ठराव पास केला, सभा न घेता. सेक्रेटरींनी सर्व्हरच्या मालकीचा अधिकार वापरून आयता दगड काढायचा नाही. उडत यायचं नाही. खाणीत फोडायचा, पाठीवर घ्यायचा, चार हजार ठोकळे पायी चालायचं.

तीन रविवार येतोय. काल दगड टाकून म्हणाला, "ताई, आता तरी राग गेला ना?"

"पायऱ्या बावीस होत्या," मी म्हटलं. "ही नववी. चल, निघ."