मामांचा विमानबाजार

विमानप्रवासावर बोलण्याचा खरा अधिकार जगात एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस गेल्या दिवाळीपर्यंत विमानात एकदाही बसलेला नव्हता. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचे मामा, मुक्काम तेलगाव, पीक कापूस आणि ऊस, नजर कायम आभाळात.

संध्याकाळी अंगणात बाजेवर उताणे पडून मामा वरून जाणारी विमानं न्याहाळत आणि देशाचा हालहवाल सांगत. विमानं वाढली की लग्नसराई, घटली की पितृपक्ष. तेल महागलं, शाळांना सुट्ट्या लागल्या, उत्तरेत धुकं पडलं, सगळ्याचा निकाल बाजेवरच लागे. विमानं तर इथे उतरतही नाहीत, मग आतली गर्दी कशी कळते, असं मी एकदा विचारून बसलो. "उसानं भरल्या ट्रॉलीचा आवाजच येगळा ऱ्हातो," म्हणाले, आणि जावई असूनही मला वेड्यात काढलं.

तिकिटाला ते बैलबाजाराचे नियम लावत. जो बैल घ्यायचा त्याच्याकडे आधी बघायचंच नसतं. म्हणून बंगलोरचं तिकीट बघायचं तर मला मोबाइलवर आधी दिल्ली, नागपूर, गोवा धुंडाळायला लावत, प्रत्येक ठिकाणी नाक मुरडायला लावत, आणि मग सहज वाट चुकल्यासारखं बंगलोर. आपली घाई समोरच्याला दिसली की भाव चढतो म्हणे. भाव तरीही चढायचाच. मग मामा मोबाइल उलटा ठेवायला सांगत आणि चहा मागवत.

बंगलोरच का, तर तिथे त्यांची एकुलती लेक दिलेली. लेकीला लेकरू होईस्तोवर बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही रीत मामांनी घट्ट धरलेली. ती फोनवर रडकुंडीला यायची, आबा, पाणी घरून आणा पण या म्हणायची. हे म्हणायचे, भाव उतरू दे. लबाड माणूस! गेल्या वर्षी तिला दिवस गेले, डॉक्टरांनी प्रवास बंद केला, त्यामुळे माहेरचं बाळंतपणही हुकलं. मामी रीतभात खुंटीला टांगून तिकडे गेल्या. मामा एकटे बाजेवर, आणि त्यांचं विमानशास्त्र अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढं मोठ्याने.

ऐन दिवाळीत नात झाल्याचा फोन आला. मामांच्याच शास्त्राप्रमाणे वर्षातले सगळ्यात महाग दिवस. मी सवयीने आधी दिल्ली उघडली, तर त्यांनी माझा हात धरला.

"बंगलोरचं काढा. पयलंच."

दुसऱ्या दिवशी विमानतळावरून त्यांचा फोन आला. इतक्या वर्षांचा तज्ज्ञ माणूस चक्क कुजबुजत होता. "जावईबापू, लई गर्दी हाय. समद्यांनीच लेकी लांब दिल्यात का काय?"

महिनाभराने परतले ते शास्त्र तिकडेच विसरून. आता विमान गेलं की ते दिसेनासं होईस्तोवर नुसते बघतात. मला त्या थापांवाचून करमत नाही. काल मुद्दाम विचारलं, मामा, यंदा गर्दी कशी काय?

"पोरगी आता चालाया लागली आसंल," म्हणाले.