दोन डिस्कची पेटी

रत्नागिरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझा लॅपटॉप दुरुस्त व्हायची वाट बघत होतो, तेव्हा ते गृहस्थ दिसले. खुर्ची दिली होती, पण ते बसत नव्हते. गुहागरकडून एसटीने आले होते. घरातले सगळे फोटो साठवायची पेटी त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणली होती. आतल्या दोन हार्ड डिस्कवर तेच फोटो दोनदा साठायचे; त्यातली एक बंद पडलेली. दुकानदाराने तिच्या जागी मोठी डिस्क घातली आणि जुनीवरचं सगळं नवीत उतरायला लागलं. ते झालं की जुनीही बदलायची. तोवर सगळी भिस्त त्या एका जुन्या डिस्कवर.

मध्येच वीज जाईल या धास्तीने ते दारापर्यंत जात, विजेच्या तारांकडे बघत, परत येऊन पेटीवर तळवा ठेवत. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

“कोणाचे फोटो, काका?” मी विचारलं.

“मुलांचे. दोघेही चाकरमानी. गणपतीला येतात तेव्हा मोबाइल भरलेले असतात. ते हिच्यात रिकामे करून जातात.”

दुकानदार म्हणाला, “मग इंटरनेटवर ठेवा की. मुंबईत बसूनच टाकतील. मोठ्या डिस्कचा खर्च नको, तुमचा हेलपाटा नको.”

ते पुन्हा दारापर्यंत जाऊन आले. तळवा पेटीवर ठेवला.

“गेल्या वर्षी हिच्यात जागा नव्हती,” ते म्हणाले. “धाकटा आलाच नाही.”

दुकानदाराने नवीत किती उतरलंय ते पाहिलं. माझा लॅपटॉप केव्हाच तयार झाला होता. मीही दारात उभा राहून तारांकडे बघत होतो.