बोरखेडीची सारवलेली भुई

या, जवळ बसा. आधी रागावून घेते, मग चहा टाकते. तुम्ही लोक गाडीने वर्ध्यावरून जाता, फलाटावर संत्री घेता आणि बडनेरा यायच्या आत सालं खिडकीबाहेर टाकून झोपी जाता. इथे उतरून बघण्यासारखं असतं तरी काय, असं पुण्याच्या एका पाहुणीने मला परवा तोंडावर विचारलं. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी शाळेत गेले नाही, अक्षरं शिकले ती मुलांच्या पाट्यांवरून. तेव्हा बोलते तसंच लिहिणार.

पिपरी मेघेहून मी निघाले ती काही फिरायला म्हणून नाही. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी कुंदा बोरखेडीला कामाला आहे. हिंगणघाटच्या पुढे, वणा नदीच्या काठी हे गाव. तिथे जुन्या वस्तीचं उत्खनन चाललं आहे. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, तिला एक हिवाळा दिला होता. खड्ड्यातून काही निघालं तर ठीक, नाहीतर घरी यायचं, स्थळ थांबलं आहे. तिला घेऊन यायचं काम माझ्यावर आलं, कारण पोरगी माझं ऐकते असा घरात समज आहे.

हिंगणघाटला पोहोचले तर पुढची बस निघून गेलेली. कापूस उतरवून रिकामी परतणारी एक बंडी (बैलगाडी) दिसली, तिला हात केला. बंडीवाल्याने मांडीवरचा ट्रान्झिस्टर बारीक केला.

"कुठं जाऊन राह्यल्या, मावशी?"

"बोरखेडीले. भाचीले आनाले."

"ते मोजपट्टीवाली बाई? तिले काऊन नेता? तिच्यापायी आमच्या घरच्या बाया दिवसभर खड्ड्यावर राह्यतेत. लय शांती हाय घरात."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी, मध्येच गव्हाचे कोवळे पट्टे, आणि जमीन अशी काळी की ओल्या पायाला सोडायची नाही. मग नदीजवळ एकदम फिकट रंगाचं टेकाड दिसलं. आमच्याकडे शेताच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. राख, शेण, पडलेल्या भिंती, सगळं मुरून ती माती पांढुरकी होते. कुंदा त्या पांढरीवरून धावत खाली आली आणि हसायलाच लागली. माझ्या डोक्यावर, लुगड्यावर सगळीकडे कापूस चिकटला होता.

"मावशी, तू तर रस्त्यातच म्हातारी झाली."

"निंघताना होतीच. चल, तुझा खड्डा दाखव."

खड्डा माणूसभर खोल, उतरायला मातीतच पायऱ्या. वरच्या अंगाला भाजक्या विटांची भिंत आणि लाल दगडाचे मणी, तसला दगड या भागात मिळत नाही. त्याखाली धान्याच्या कणगीचा तळ, एका घराला लागेल त्याच्या कितीतरी पट मोठा. सगळ्यात खाली झोपडीच्या खांबांचे खळगे, चूल आणि मातीची भुई.

कुंदा म्हणाली, "सिंधूकाठची मोठी शहरंसुद्धा अशाच खेड्यांतून वाढली, मावशी. आधी कोनीतरी एका जागी राहाचं ठरवते. मग पेरते. दाना उरला की कुंभाराले वेळ भेटते, मनी करनाऱ्याले भेटते."

"अन् मग हुकूम चालवनाऱ्यालेही," मी म्हटलं.

ती हसली. पण मोठे सर, म्हणजे या उत्खननाचे प्रमुख, यांचं मत वेगळं होतं. त्यांना वाटे, ही तळची झोपडी गुराख्यांची, चार महिने राहिले आणि गेले. तसं असेल तर खड्डा बंद होणार. कुंदाला ते पटत नव्हतं, पण हातात पुरावा नव्हता. सर स्वतः बघेपर्यंत त्या भुईला सुरी लावायची नाही असं ठरलेलं, आणि सर दुसऱ्याच दिवशी येणार होते.

संध्याकाळी चंद्राबाईकडे जेवलो. खड्ड्यावरच्या बायकांची ही म्होरकी. ज्वारीची भाकर, भरल्या वांग्याची भाजी आणि वर मूठभर सांबार (आपली कोथिंबीर). मी तीन भाकरी खाल्ल्या. उठताना कुंदा तिला म्हणाली, "काकू, उद्या मोठे सर येतेत. भुई साफ ठेवजा."

सकाळी मीच आधी खड्ड्याशी गेले. भुई शेणाने सारवलेली, बोटांच्या कमानी एकसारख्या उठलेल्या, चुलीपाशी रांगोळी. मला तर फार छान वाटलं. मागून कुंदा आली. सरांना दाखवायची जुनी भुई ताज्या शेणाखाली गेली होती.

"मावशी, पिशवी भर माही. आता येतो घरी."

चंद्राबाईला कळेना काय झालं ते. "पाव्हना येनार अन् भुईले भेगा? आपली इज्जत हाय का नाई?"

"काकू, ते घर आपलं नाई."

"मंग कोनाचं? कोन्या बाईचंच ना? तिले काय वाटलं असतं?"

तेवढ्यात जीप आली. सर बूट घालून पायऱ्या उतरणार, तर चंद्राबाई लोटा घेऊन आडवी. "साहेब, पाय धुऊन या. ओलं हाय."

सरांनी बूट काढले, पाय धुतले, अनवाणी उतरले आणि बराच वेळ बघत राहिले. "हे कोणी केलं?"

"माझ्या खड्ड्यातल्या बायकांनी, सर," कुंदा म्हणाली. "भुई साफ ठेवा असं मीच सांगितलं होतं."

"साफ आहे खरी," सर म्हणाले. "वाळू द्या. मग काठावर थोडं कापून बघू, खाली काय उरलं आहे."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुंदाने काठावरून पातळ काप काढला. वर चंद्राबाईचा हिरवट थर. त्याच्याखाली फिकट रेघ, मग गडद, पुन्हा फिकट, पुन्हा गडद, चिरोट्याचे पदर असतात तशा. कुंदा मोजायला लागली आणि मोजता मोजता तिचा आवाजच बदलला.

"सर, हे सगळं सारवण आहे. आणि मध्ये कुठेच धूळ नाही की गाळ नाही. हे घर कधी रिकामं राहिलंच नाही."

सर उकिडवे बसले. भिंग काढून बघितलं, पुसून परत बघितलं. "हं. गुराखी नव्हेत," एवढंच बोलले. मग म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात शेजारचा खड्डाही उघडू. दोन्ही तुम्हीच बघा." जाताना चंद्राबाईला म्हणाले, "बाई, आता पुन्हा सारवू नका."

"तुमी याल तवा पाहू," ती म्हणाली.

मी एकटीच परतले. भाऊजी दारातच उभे.

"पोरगी कुठं हाय?"

"खड्ड्यात. काम निंघालं तिचं. आता तुमीच जाऊन पाहा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेबाले खरंच पाय धुवाले लावले?" आणि पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी बसची वेळ विचारत होते.

घरी येऊन मी स्वयंपाकघर सारवायला घेतलं, तर हात मध्येच थांबला. त्या कोण्या बाईनेही असाच पदर खोचला असेल, अशीच कोपऱ्यापासून सुरुवात केली असेल. शहरं, राजे, हिशेब, सगळं मागाहून आलं. आधी ती बाई, इथेच राहायचं म्हणून भुईवर हात फिरवणारी.

तर आता या. पावसाच्या आधी ते खड्डे मातीने बुजवून टाकतात आणि मग वर नांगर चालतो, म्हणून लवकर या. वर्ध्याला उतरा, मी न्यायला येईन, बंडीतून जाऊ. पण पाय धुवावे लागतील. तिथे चंद्राबाई उभी असते.