पहिली फेरी राखणदाराच्या दारावरून

गोव्यात सुर्ल्याच्या ट्रक पार्किंगवर एके काळी खाणींवरचे दीडशे ट्रक रांगेत उभे असत. गेल्या महिन्यापर्यंत तिथे एकच उरला होता, कृष्णनाथ गवसांचा. बाकीचे कुणी विकले, कुणी भंगारात घातले. हा मात्र सात वर्षं जागचा हलला नव्हता. गाव म्हणायचं म्हाताऱ्याला हट्ट आहे. तो हट्टी नव्हता, शब्दात अडकला होता, आणि त्या अडकण्यात माझाही हात आहे म्हणून हे लिहितो.

मी डिचोली तालुक्याचा बातमीदार. तेवीस वर्षं नेत्यांची भाषणं उतरवून घेतो आहे. नेता काहीही बोलला तरी त्याच्या शेवटी लावायला आमच्याकडे शब्द तयार असतात: ग्वाही दिली, स्पष्ट केले, ठामपणे सांगितले. ‘खोटं बोलले’ हा शब्द आमच्या पेपरात चालत नाही. चालला असता तर माझी बरीच शाई वाचली असती.

कृष्णनाथचे वडील दोडामार्गाकडून सुर्ल्याला आले ते खाणीवर टोपल्या उचलायला. कृष्णनाथ आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि चाळिशीत एका ट्रकाचा मालक. पार्किंगच्या टोकाला सातवणीच्या झाडाखाली राखणदाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाची, घुमटी आहे. तिथून जाताना खनिज भरलेला प्रत्येक ट्रक दोनदा हॉर्न देऊन पुढे नदीवरच्या जेटीकडे जायचा. शिकलेले ड्रायव्हर, न शिकलेले, दुसऱ्या राज्यांतून आलेले, सगळे द्यायचे. पावसाळा संपून खाणी चालू झाल्या की पहिल्या फेरीआधी घुमटीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं व्हायचं. म्हणजे राखणदारासमोर उभं राहून आपली अडचण आणि आपलं मागणं मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते गाऱ्हाणं घालायचा मान कृष्णनाथचा. एरवी चार शब्द न बोलणारा हा माणूस तिथे उभा राहिला की त्याचा आवाज पार वरच्या खाणीपर्यंत जायचा.

२०१८ च्या मार्चात कोर्टाच्या निकालाने खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. आठवड्याभरात आमचे नेते पार्किंगवर आले. त्यांचं नाव देत नाही, देऊन उपयोगही नाही, कारण तेव्हापासून त्यांचा पक्ष दोनदा बदलला आहे. ट्रकवाले चिडलेले होते. नेत्यांनी हात वर केला आणि सांगितलं, “घाबरू नका. पावसाच्या आधी चाकं फिरतील.” मग घुमटीपुढे ठेवलेल्या नारळावर हात ठेवून तेच पुन्हा म्हणाले. फोटो चांगला आला. मी बातमी दिली, पहिल्या पानावर.

चूक झाली ती इथे. गाऱ्हाण्यात आपण मागायचं असतं, दुसऱ्याच्या वतीने कबूल काही करायचं नसतं. कृष्णनाथ त्या दिवशी भरात होता. तो म्हणाला, “बा राखणदारा, साहेबांनी तुझ्या नारळाक हात लावन सांगितला, पावसापूर्वी चाकां फिरतली. तवसर माझो ट्रक ह्या जाग्यावरसून हलाचो नाय. आनी हललो तर पयली फेरी तुझ्या दारावरसून.” दीडशे माणसांनी ‘व्हय म्हाराजा’ केलं. मीही केलं.

पाऊस आला, गेला. चाकं काही फिरली नाहीत.

पुढे साहेबांचं बोलणं कसं सरकत गेलं ते माझ्या कात्रणांच्या फाइलीत आहे. त्या गणेश चवथीला म्हणाले, दिल्लीशी बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत. निवडणूक आली तेव्हा म्हणाले, गोव्यात मंदी नाहीच, फक्त खाणी बंद आहेत. करोनात म्हणाले, मंदी साऱ्या जगावर आहे, घरामागे भाजी लावा. मोपाचा विमानतळ उभा राहिला तेव्हा म्हणाले, आता मोपाच आपली खाण. आणि अलीकडे अलीकडे एक नवंच काढलं: लोकांनी एकाच धंद्यावर विसंबून राहायला नको होतं. हे मी उतरवून घेतलं तेव्हा माझा हात थांबला होता. ज्या माणसाने विसंबा म्हणून सांगितलं तोच आता विसंबलात का म्हणून विचारत होता. तरी मी लिहिलं, ‘परखड मत मांडले’.

कृष्णनाथ हे सगळं वाचायचा. पेपर खाली ठेवायचा आणि ट्रक धुवायला जायचा. दर रविवारी धुणं, चाकांत हवा, सांध्यांना ग्रीस. बॅटरी मेली तेव्हा नवीन मात्र घातली नाही. मी एकदा विचारलं, “कृष्णनाथदादा, हो ट्रक भंगारवाल्याक कित्याक देनास?”

“शबूद आसा,” तो म्हणाला.

“तो साहेबांनी मोडलो मरे.”

“मोडलो तर मोडलो म्हणान नारळाक हात लावन सांगूक होया. ज्येणा हात लायलो तेणाच सोडवूचो. माझ्या बापाशीन असाच शिकयला.”

त्याच्या हिशेबात हे सरळ होतं. साहेबांनी यायचं, घुमटीपुढे ‘माझ्यान जाला नाय’ इतकंच म्हणायचं, की कृष्णनाथ मोकळा. लाज, शिक्षा, काही नाही. फक्त एक वाक्य. एवढ्या साध्या वाक्याची वाट बघत माणूस सात वर्षं बसून राहिला, आणि याचं मला हसू यायचं ते हळूहळू बंद झालं.

कारण घर चंद्रावती चालवत होती. त्याची बायको. मोपाच्या विमानतळावर साफसफाईच्या कंत्राटात लागली होती. पहाटे साडेचारला कंत्राटदाराची बस, संध्याकाळी सातला परत. जाऊन येऊन तीन तास नुसते बसमध्ये. तिने नवऱ्याला कधी टोचून बोलल्याचं मी ऐकलं नाही. गेल्या महिन्यात मात्र ती माझ्याकडे आली. गणवेशावरची नावाची पट्टीही काढली नव्हती.

“भावजी, एक तारखेपासून आमची बस बंद,” ती म्हणाली. “थंयच मोपाजवळ पेडण्याक खोली बघा म्हणतत, नायतर काम सोडा. मी खोली बघितलंय. दोगांक पुरात इतकी आसा.”

“मगे?”

“मगे काय. ते ट्रक सोडून येवचे नाय. मी एकलीच जावचा काय?” तिने पदराने तोंड पुसलं. “त्या साहेबाक सांगान बघा मरे. एकदा येवन सुटका कर म्हणान. मी दमलंय.”

आणि योग असा की साहेब येणारच होते. पार्किंगच्या जागेवर मये तळं बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी सुविधा केंद्र होणार होतं. पायाभरणी ठरली. साहेबांचा कार्यकर्ता सुदेश कृष्णनाथकडे गेला. ट्रक हटवा, आणि सुरवातीला गाऱ्हाणं तुम्हीच घाला, साहेबांना जुन्या रीती आवडतात. कृष्णनाथ म्हणाला, दोन्ही करतो, पण आधी साहेबांनी नारळाला हात लावून तेवढं एक वाक्य बोलावं. सुदेश म्हणाला, “त्यात काय रे काका, साहेब काय पण बोलतत.” या माणसाच्या तोंडून एवढं खरं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी चंद्रावतीने सुट्टी घेतली. इस्त्री केलेलं पातळ नेसून बायकांच्या घोळक्यात उभी होती. जुने ट्रकवाले सात-आठ आले होते. त्यांत कृष्णनाथचा पूर्वीचा भागीदार शांताराम, जो आता लोकांच्या काजूच्या बागा राखतो. मांडव, खुर्च्या, पाया खणायला आणलेला जेसीबी. साहेबांचं भाषण आधीच झालं, कारण त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. जगभर मंदी आहे पण गोवा धावतो आहे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं.

मग ते घुमटीपाशी आले. कृष्णनाथने नारळ पुढे धरला.

“साहेब, ह्येका हात लावा. आनी म्हणा, पावसापूर्वी चाकां फिरतली म्हटलंय, ता माझ्यान जाला नाय. इतक्याच.”

साहेबांनी सुदेशकडे पाहिलं. सुदेशने जमिनीकडे पाहिलं.

“मी तारीख कधी दिली होती?” साहेब हसत म्हणाले. आवाज अगदी गोड होता. “प्रयत्न करू म्हटलं असेन. प्रयत्न तर आजही चालू आहेत.”

“दिलास. ह्याच नारळाक... म्हणजे अशाच नारळाक हात लावन.” कृष्णनाथ वळला. त्याने मला शोधलं. “श्रीनाथ बाब, तुवें लिवलंस मरे पेपराक. पयल्या पानार. सांग तेंका.”

सगळे माझ्याकडे बघत होते. कात्रण माझ्या घरी फाइलीत होतं. तारीख, फोटो, नारळावरचा हात, सगळं. साहेबही माझ्याकडे बघत होते, हसू तसंच ठेवून. साहेब आता मंत्री, आणि आमच्या पेपराला त्यांच्या खात्याच्या जाहिराती येतात.

“जुनी गोष्ट आहे,” मी म्हणालो. “बघावं लागेल.”

इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. कृष्णनाथ रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. त्याने फक्त मान हलवली, एखाद्याला पत्ता विचारावा आणि त्याने ठाऊक नाही म्हणावं तशी. मग त्याने नारळ घुमटीपुढे ठेवला, चप्पल काढली आणि हात जोडले. आपापली कामं आटपायच्या घाईत असलेली माणसं गाऱ्हाणं सुरू झालं म्हणून उभी राहिली.

“बा राखणदारा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

आवाज तोच होता. सात वर्षं न वापरलेला, पण तोच.

“आज ह्या जाग्यार तुझी लेकरां जमली आसत. साहेब इलेत, तेंची माणसां इलीत, पेपरवाले इलेत.”

“व्हय म्हाराजा.”

“सात वर्सां जाली, ह्या जाग्यार एक शबूद पडलो. पावसापूर्वी चाकां फिरतली म्हणान.”

“व्हय म्हाराजा.”

“तो शबूद कोणी दिल्यान नाय. कोणी लिवल्यान नाय. मी एकट्यानच तो आयकलंय.”

जुने ट्रकवाले गप्प झाले. मांडवातले काही जण एकमेकांकडे बघू लागले. साहेब एव्हाना मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होते. गाऱ्हाणं थांबलेलं कळलं तसे ते सवयीने वर न बघताच सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मग त्यांच्या माणसांनीही म्हटलं.

“माझे कान चुकले. माझी जीब चुकली. चूक माझी, ती पोटात घाल.”

“व्हय म्हाराजा,” मांडवातली माणसं म्हणाली. मला म्हणवलं नाही. शांतारामने तोंड फिरवलं होतं.

“आनी आता माका सोड.”

साहेब गाडीकडे निघाले होते, त्यांची माणसं त्यांच्यामागे. मग बायकांच्या घोळक्यातून एकटी चंद्रावती म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

कृष्णनाथने नारळ फोडला. अर्धा घुमटीत ठेवला, अर्ध्याचे तुकडे करून वाटले. मलाही दिला. मी घेतला, खाता मात्र आला नाही.

मग तो ट्रकवर चढला. शांतारामने जेसीबीवाल्याला सांगून मागून एक हलका धक्का द्यायला लावला, तशी चाकं करकरून सुटली. तिथून घुमटीपर्यंत थोडा उतार आहे. इंजिन बंद, स्टेअरिंगवर कृष्णनाथ, आणि मागून आम्ही ढकलत होतो. शांताराम, बाकीचे ट्रकवाले, पदर खोचून चंद्रावती. मी वही खिशात घातली होती. हौदा रिकामा होता, तरी ट्रक जड लागत होता. जागा मोकळी झाली म्हणून मांडवात मागे उरलेल्या साहेबांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

घुमटीसमोर आल्यावर कृष्णनाथने हॉर्न दाबला. बॅटरी मेलेली, आवाज कुठला येणार. त्याने दुसऱ्यांदाही दाबला.