दादाच्या गाडीतला डायनामो

गाड्यांच्या वायरिंगची कामं करता करता सगळे त्याला 'करंट' म्हणू लागले, आणि पुढे बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागली. मेकॅनिक ज्या गाडीपुढे हात टेकत, ती शेवटी करंटकडे यायची. घरात मात्र त्याचं काही चालायचं नाही. तिथे शब्द दादाचा.

दादा म्हणजे थोरला भाऊ, शाळेत भूमितीचा मास्तर. निवृत्त झाल्यावर त्याने वडिलांची जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली. पत्रा, इंजिन, गाद्या, सगळं त्याला मूळचं हवं. नऊ वर्षं दर रविवारी दोघे भाऊ त्या गाडीखाली लोळत असत. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. गाडीत जुना डायनामो होता. गाडी हळू चालली की तो बॅटरी चार्ज करीनासा व्हायचा. सिग्नलला थांबलं की दिवे मिणमिणायचे. करंट म्हणायचा, अल्टरनेटर बसवू, तो गाडी उभी असली तरी बॅटरी चार्ज करतो, कटकटच मिटेल. दादाचं उत्तर ठरलेलं, "मी आहे तोवर हा डायनामो निघणार नाही." एकदा यावरून दोघांनी दोन महिने अबोला धरला आणि वहिनी मधल्या मध्ये निरोप पोचवत राहिली.

मग दादाला विसर पडू लागला. आधी पान्यांची नावं गेली, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की हे वाढत जाणार. एका सकाळी दादाने करंटला अदबीने विचारलं, "आपण कुठल्या शाळेत शिकवता?"

त्याच आठवड्यात करंट अल्टरनेटर घेऊन आला. वहिनीला वाटलं, याने संधी साधली. तिने तसं बोलूनही दाखवलं. मनातलं त्याला सांगता येईना. दादा अजून आत कुठे असलाच, तर डायनामो निघालेला बघून खवळून बाहेर येईल, एवढीच त्याची आशा होती. शिव्या घालील, पाना फेकून मारील, काहीही करील.

काम चिवट निघालं. जुन्या रीतीप्रमाणे बॅटरीचा प्लस गाडीच्या बॉडीला जोडलेला होता आणि अल्टरनेटरला नेमकं उलटं लागतं. त्याने बॅटरी फिरवली, प्रवाह दाखवणाऱ्या ॲमीटरच्या वायरी अदलाबदल केल्या, डायनामोचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जुन्या कटआउटला वगळून जाड वायर थेट बॅटरीपर्यंत नेली. पट्टा तिरका चालत होता म्हणून अल्टरनेटर धरणारं ब्रॅकेट दोनदा नव्याने कापलं. चार दिवस रोज दादाला शेजारी खुर्चीत बसवून तो मुद्दाम मोठ्याने बोलत होता, "दादा, आता डायनामो काढतो हं." दादा कुंपणावरच्या मांजराकडे बघत होता.

पाचव्या दिवशी गाडी सुरू झाली. इंजिन जागच्या जागी नुसतं गुरगुरत होतं, तरी दिवे लख्ख. बॅटरीला लावलेल्या व्होल्टमीटरवर चौदा व्होल्ट, म्हणजे चार्जिंग चालू. करंटने दादाला हात धरून उभं केलं आणि निघालेला डायनामो त्याच्या हातात दिला. दादाने तो जड गोळा दोन्ही हातांनी फिरवून पाहिला.

"हे कुणाचं आहे?"

"तुझं. मी काढलं. तुला न विचारता."

"असू दे," दादा म्हणाला. "तुम्ही काम छान केलंत."

"रागाव ना, दादा," करंट म्हणाला. वहिनीने दादाच्या हातातून डायनामो काढून घेतला. तिला आता सगळं उमगलं होतं.

"मीही करून पाहिलंय, भाऊजी," ती म्हणाली. "त्यांच्या टेबलावरचे सगळे कागद मुद्दाम जमिनीवर ढकलले. रागावले नाहीत. माझ्याबरोबर उचलू लागले."

पुढच्या रविवारी करंटने अल्टरनेटर काढून डायनामो परत बसवायला घेतला. दोन बोल्ट सैल केले आणि पाना हातात धरून तो थांबला. कुणासाठी बसवायचा, ते त्याला कळेना. बोल्ट पुन्हा आवळून तो हात न धुताच घरी गेला.

गाडी आता महिन्यातून दोनदा बाहेर निघते, दादाला दवाखान्यात न्यायला. चालवतो करंटच. पहिल्याच फटक्यात सुरू होते. दादा मागच्या सीटवर वहिनीशेजारी ताठ बसतो आणि उतरताना ड्रायव्हरचे न चुकता आभार मानतो.